मास्तरांचं तळं

आमच्या घरमालकाशी माझं पहिलं भांडण पाण्यावरून झालं आणि पुढची सगळी भांडणंही पाण्यावरूनच झाली. सुरतेत नवागामला भाड्याने राहायला गेलो तेव्हा मी दोन लेकरांची आई होते आणि कुणाचं गुमान ऐकून घ्यायची सवय मला माहेरीही नव्हती. चार खोल्यांची बैठी चाळ, मागे पत्र्याचा गोठा, गोठ्यात पाच म्हशी आणि सगळ्यांना मिळून एक बोअर. एप्रिल लागला की भर दुपारी नळ कोरडा. एकदा तणतणत हंडा घेऊन मागे गेले, तर आमचा घरमालक, हा लुंगीतला काटकुळा म्हातारा, म्हशींच्या पाठीवर बादल्यांवर बादल्या ओततोय!

"काय हो, इथे लेकरांना प्यायला थेंब नाही आणि तुम्ही म्हशींना आंघोळी घालताय?"

त्यांनी मान वर केली नाही. एका म्हशीच्या कुशीकडे टक लावून, हातातलं घड्याळ डोळ्यांजवळ धरून म्हणाले, "थांब वं माय, मी मोजी ऱ्हायनू."

मी थांबले. म्हणजे रागाने फुगून उभी राहिले. मिनिट भरल्यावर त्यांनी खडूने भिंतीवर एक आकडा लिहिला. ती अख्खी भिंत आकड्यांनी भरलेली होती. म्हैस मिनिटाला किती श्वास घेते ते हा माणूस दिवसातून चार वेळा मोजायचा. आकडा वाढला की बादली. मग ते माझ्याकडे वळले. "तुले पानी तासभर उशिरा भेटी तरी चाली. हिले नही चालाव."

मी कपाळाला हात लावून परत आले.

सगळे त्यांना मास्तर म्हणत. शाळेतले मास्तर नव्हेत. चाळीच्या पलीकडे जी कापड रंगवायची मिल आहे तिथे त्यांनी रंगमास्तर म्हणून उभा जन्म काढला होता. गाव आमच्याच खानदेशातलं. बायको गेलेली, मूलबाळ नाही. सुरतेत आयुष्य गेलं तरी घरी जीभ अहिराणीच होती. रंग त्यांच्या नखांत कायमचा बसलेला, साबणाने घासा नाहीतर राखेने. तारेवर साडी वाळत घातली की जाता जाता थांबायचे, पदर चिमटीत धरायचे आणि न विचारता निकाल द्यायचे, "हाई निळा दोन धुनंमा रडी." दुसऱ्या धुण्याला साडी खरोखर रडायची, रंग सोडायची. शेजारणी नवी साडी आणली की आधी त्यांना दाखवायच्या. मी मुद्दाम दाखवायची नाही. तरी ते तारेवर बघायचेच आणि सगळ्या बायकांसमोर मला तोंडघशी पाडायचे.

"रंग खोटं बोलत नही. मानूस बोलस." हे त्यांचं ठरलेलं वाक्य. भाडं मागताना, भांडण सोडवताना, मयतीलासुद्धा. कशालाही लागू.

दूध ते चाळीतच विकायचे, पण त्याचीही एक तऱ्हा. सकाळी धार काढली की पहिला पेला स्वतः प्यायचे आणि घड्याळ लावून ओट्यावर बसायचे. बरोबर तासाने पातेल्यावरचं झाकण काढायचे. तोवर कुणी कितीही गयावया करा, दूध नाही. माझ्या पोराला शाळेची घाई असायची.

"अहो मास्तर, दूधच आहे ना? विष थोडंच आहे?"

"मी तासभर जित्ता ऱ्हायनू तं तुम्ही प्या."

आम्ही हसायचो. कोपऱ्यावरच्या दुकानदाराने तर त्यांची नक्कलच बसवली होती, पेला पिऊन डोळे फिरवून पडायची. मीही त्या नकलेला पोट धरून हसलेली आहे. आज आठवलं की मेल्याहून मेल्यासारखं होतं.

पण मला खरा संताप यायचा तो तळ्याचा. गोठ्यापासून वीस पावलांवर चांगलं तळं होतं. मोठं नव्हे, पण पाच म्हशी आरामात बसतील एवढं. पाणी कसं, तर तळाचा दगड दिसावा इतकं नितळ. आणि या माणसाने त्याच्या चहूबाजूंनी बाभळीच्या काट्या रोवून ते बंद केलेलं! म्हशी त्या बाजूला माना ताणून दावी ओढायच्या, हंबरायच्या, आणि हे इकडे आमच्या बोअरचं पाणी बादलीने ओतत बसायचे. म्हैस म्हणजे जातिवंत पाण्यातलं जनावर. काळी कातडी, आपल्यासारखा घाम सुटत नाही, उन्हाळ्यात पाण्यात बसली तरच तिचा जीव थंड होतो. हे मला शेतकऱ्याच्या लेकीला कुणी शिकवायला नको. मी पाचपन्नास वेळा विचारलं, "तळं समोर असताना आमचं पाणी का पळवता?" एकदाही उत्तर दिलं नाही. म्हातारपणाने डोकं फिरलंय, असं मी ठरवून टाकलं.

त्यातून पावसाचं वेड. पाऊस लागला की हा माणूस ताटावरून उठायचा. छत्री घेऊन तळ्याकाठी, काट्या बाजूला सारून, ठरलेल्या एकाच जागी उकिडवा बसायचा आणि कोपरापर्यंत हात पाण्यात घालायचा. हात बाहेर काढून हुंगायचा. पुन्हा घालायचा. पाऊस थांबेपर्यंत तिथेच. आमचे हे त्याच मिलमध्ये रंगखात्यात कामाला होते. त्यांना मी विचारलं, हे काय प्रकरण आहे? ते म्हणाले, "म्हातारा आहे. तू तुझं काम कर." नवरे असंच उत्तर देतात, म्हणून मी मनावर घेतलं नाही.

माझं काम म्हणजे टायपिंग. सातवीपर्यंत मी इथल्याच मराठी शाळेत शिकले, पुढे गुजरातीत, त्यामुळे दोन्ही भाषांत बोटं चालतात. कोर्टाजवळच्या एका टायपिंगच्या दुकानात मी अर्ज, सोगंदनामे म्हणजे प्रतिज्ञापत्रं, काय येईल ते बडवायची. मास्तरांना याचं मोठं अप्रूप. त्यांच्या लेखी मी जवळपास वकीलच होते.

एका उन्हाळ्यात ते वर्तमानपत्राचा तुकडा घेऊन माझ्या दारात आले. स्वतःहून पहिल्यांदाच. मिलला पसारा वाढवायचा होता, नवीन खातं काढायचं होतं, आणि त्यासाठी ते तळं बुजवून जागा सपाट करायची होती. असं काही करायचं तर आधी लोकांना बोलावून सुनावणी घ्यावी लागते, पर्यावरणाचा अहवाल सगळ्यांना वाचायला ठेवावा लागतो, असा कायदा आहे. त्या सुनावणीची ती नोटीस होती.

"ते तळं मन्हा म्हशीसले पाहिजे," मास्तर म्हणाले. "आते ऊन असं पडस का बादलीवर भागाव नही."

"काट्या लावून ठेवलंय तुम्हीच. आता कसं पाहिजे झालं?"

"तू वाची दाखाड."

मग आमचं वाचन सुरू झालं. संध्याकाळी मी कामावरून आले की ओट्यावर बसून त्या जाडजूड अहवालाचा गुजराती गोषवारा वाचायची आणि ते डोळे मिटून ऐकायचे. सोबत कायद्याचे कागदही मी दुकानातून छापून आणले होते. मला वाटलं, दोन दिवसांत कंटाळतील. छे! माणूस पाठ करत होता. कोणतं काम आधी, कोणतं नंतर, किती दिवसांच्या आत, हे पुन्हा पुन्हा विचारायचे. म्हणायचे, कायदा आणि रंगाचा फॉर्म्युला सारखाच, क्रम चुकला की कापडाचा अख्खा ताका वाया. मी बारावी शिकलेली, रोज कोर्टाच्या दारात बसणारी, पण कायदा असा कुणी ऐकताना पाहिलं नव्हतं. हसायला येत होतं, आणि थोडी धास्तीही वाटायला लागली होती.

अहवालात एक प्रकरण हवामानबदलाचं होतं. मी वाचलं की, वाढत्या तापमानाचा परिसरातल्या पशुधनावर होणारा परिणाम नगण्य आहे.

"नगण्य म्हंजे?"

"म्हणजे मोजण्यासारखा नाही."

मास्तर उठले, माझा हात धरून मला गोठ्यात घेऊन गेले आणि त्या भिंतीसमोर उभं केलं. सात उन्हाळ्यांचे आकडे होते. खाली जुने, पुसट. वर नवे. मी वाचता येणारी बाई, पण इतकी वर्षं ती भिंत मी वाचलीच नव्हती. जसजशी नजर वर जाईल तसतसे आकडे चढत होते, आणि ज्या दिवशी आकडा चढला त्या दिवसापुढे दूध किती उतरलं तेही लिहिलेलं होतं.

"मी तं मोजस," ते म्हणाले. मग दाराबाहेर बोट करून म्हणाले, "पहिले ऊन हयदना रंगनं व्हतं. आते चुनाना रंगनं शे."

मी बाहेर पाहिलं. खरंच, ऊन हळदीसारखं पिवळं नव्हतं, पांढरंफटक होतं. त्या क्षणी मला पहिल्यांदा वाटलं की हा म्हातारा वेडा नसावा, आपणच आंधळे असू.

अहवालातलं दुसरं एक वाक्य त्यांनी माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. तळ्याचं पाणी पूर्वीपासूनच वापरायोग्य नाही आणि तिथे जनावरांचा वावर नाही. ते ऐकून मास्तर रंग बसलेली नखं अंगठ्याने खरवडायला लागले. आणि कायद्यातलं एक वाक्यही त्यांनी असंच पुन्हा वाचून घेतलं. सुनावणी संपल्यावर जे बोललं गेलं ते लिहून काढायचं आणि हजर असलेल्यांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवायचं.

"सगळे निघी गया तरी?"

"जो असेल त्याला. असं लिहिलंय."

"एक जन ऱ्हायना तरी?"

"हो हो, एक जण राहिला तरी!" मी वैतागून म्हणाले. मला भाकरी टाकायच्या होत्या.

आणि झालं असं की, सुनावणीचं टायपिंग आमच्याच दुकानाला मिळालं. मंडपातच बसून सगळ्यांचं बोलणं उतरवायचं, लगेच कागद काढायचा. मालकाने मलाच पाठवलं. घरून निघताना हे म्हणाले, "जपून टाइप कर. माझी मिल आहे ती."

भर मे महिना. मंडपाला पंखे लावलेले, त्यातून गरम वाफा येत होत्या. मिलचे कामगार खुर्च्यांवर आणून बसवलेले, प्रत्येकाच्या हातात नाश्त्याचं पाकीट. आमचे हे तिसऱ्या रांगेत होते. एकामागून एक माणूस उठला आणि म्हणाला, मिल वाढली पाहिजे, पोटाला काम मिळेल. खोटं नव्हतं त्यात काही. आमचीही चूल त्याच मिलवर पेटत होती. मी टाइप करत होते.

मग मास्तर उठले. इस्त्रीचा सदरा घातलेलं मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं. ते गुजरातीत बोलले, मी मराठीत सांगते. त्यातला एक शब्दही मी विसरलेली नाही.

"साहेब, अहवालात लिहिलंय, तळ्याचं पाणी पूर्वीपासून खराब आहे. पूर्वीपासून म्हणजे कधीपासून, ते मला माहीत आहे. मी या मिलमध्ये रंगमास्तर होतो. वापरलेल्या पाण्याला दोन वाल्व होते. एक साफ करायच्या टाकीकडे, दुसरा जमिनीखालच्या जुन्या पाइपाकडे. तो पाइप या तळ्यात निघतो. पाऊस लागला की दुसरा वाल्व मी उघडायचो. पावसात मिसळलं की कुणाला दिसत नाही. शेठ मला कधी 'उघड' म्हणाले नाहीत. केबिनच्या दारात येऊन एवढंच म्हणायचे, 'मास्तर, वरसाद छे.' पाऊस आलाय. पाऊस आलाय म्हणणं काही गुन्हा नाही, साहेब. हात माझा होता."

मंडपात नाश्त्याच्या पाकिटांची कुरकुर चालली होती, तीही थांबली. माझी बोटं थांबली. पाऊस आला की ताटावरून उठून त्याच पाइपाच्या तोंडाशी हात घालून हुंगत बसणारा हा माणूस माझ्या डोळ्यांसमोर आला.

"रिटायर झालो तेव्हा तळ्याकाठची जागा घेतली. पाणी बघितलं. ओंजळीत घेऊन उन्हात धरलं. रंगाचा एक कण नाही. मी आयुष्यभर म्हणत आलो, रंग खोटं बोलत नाही. मी म्हशी सोडल्या. तीन उन्हाळे त्या यात बसल्या, हेच पाणी प्यायल्या. पहिली मेली ती गाभण होती. मग दुसरी. डॉक्टर म्हणाला, पाण्यात काहीतरी आहे. मी त्याच्याशी भांडलो. पाण्याला रंगच नाही तर असेल काय, म्हणालो. तीस वर्षं रंगाचं काम केलेला मी, आणि मला हे कळलं नाही, की रंग उडाला तरी बाकीचं राहतं. त्या दोन म्हशी मी मारल्या. ते दूध ज्यांनी प्यायलं त्यांचं काय झालं असेल, मला माहीत नाही. तेव्हापासून दूध आधी मी पितो."

मग त्यांनी हात जोडले. "तळ्याचा गुन्हा नाही. त्याला बुजवू नका. पाइप कुठे आहे ते मी पाय ठेवून दाखवतो. तो काढा, गाळ काढा. ऊन असंच वाढत जाणार आहे, म्हशीला पाण्यात बसावंच लागणार आहे. एवढंच मागणं आहे."

ते बसले. तिसऱ्या रांगेत ह्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. मला सगळं एका क्षणात कळलं. मास्तरांनंतर तो वाल्व कुणीतरी उघडतच असणार, आणि माझा नवरा रंगखात्यात होता. मी ह्यांना कधी विचारलं नाही. ह्यांनीही कधी सांगितलं नाही.

मी काय केलं ते सांगते. लाज वाटते, पण सांगते. मी टाइप केलं, 'एका स्थानिक रहिवाशाने तळ्याच्या पाण्याबाबत चिंता व्यक्त केली.' एवढंच. आधी नवऱ्यासाठी केलं, आणि मग मनाची समजूत घातली की मास्तरांसाठीही केलं, म्हातारपणी कुठे पोलीस आणि कोर्ट मागे लागेल.

सुनावणी संपली. जेवणाची सोय पलीकडे होती, मंडप बघता बघता रिकामा झाला. सुनावणी घेणारे प्रदूषण बोर्डाचे साहेब घाम पुसत कागदावर सही करायला आले. पहिल्या रांगेत मास्तर एकटे बसलेले.

"साहेब, वाचून दाखवायचं राहिलं."

"काका, कुणाला दाखवू? सगळे गेले."

"मी आहे ना. एक जण राहिला तरी वाचायचं, असं कायद्यात आहे." आणि माझ्याकडे बोट केलं. "या बहिणीने मला वाचून दाखवलंय."

साहेब भला माणूस होता, थकलेला होता, पण भला होता. खुर्चीत बसला आणि मला म्हणाला, "वाचा, बेन."

मी वाचायला लागले. समोर रिकाम्या खुर्च्या आणि एक मास्तर, डोळे मिटून, ओट्यावर बसायचे तसेच. ते वाक्य आलं. वाचलं. "एका स्थानिक रहिवाशाने तळ्याच्या पाण्याबाबत चिंता व्यक्त केली."

मास्तरांनी डोळे उघडले. मला वाटलं, आता साहेबांसमोर माझी लाज काढणार. ओरडले असते तर बरं झालं असतं, मी उलटून भांडले असते. पण ते हळूच अहिराणीत म्हणाले, "बेटा, हाई मी बोलनू व्हतू का?"

मला रडूच फुटलं. साहेब गोंधळून एकदा माझ्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघायला लागला. मी मान हलवली. नाही म्हणाले.

"मंग लिखी टाक. मन्हं नाव घाल, बापनं नाव घाल. वाल्व कोन उघाडे ते लिख."

"काका," साहेब म्हणाला, "हे लिहिलं तर केस तुमच्यावरही होऊ शकते. विचार करा."

"सात वर्षं तोच करतोय, साहेब," मास्तर गुजरातीत म्हणाले.

मी लिहिलं. डोळे पुसत, चुका करत, पुन्हा दुरुस्त करत सगळं लिहिलं, वरसाद छे सकट. कागद काढला आणि उभं राहून पुन्हा वाचला. त्यांचं पूर्ण नाव, बापाचं नाव, आणि मग 'दुसरा वाल्व मी उघडत होतो.' त्या रिकाम्या मंडपात माझ्याच तोंडून ते वाक्य ऐकताना मला वाटलं, हे मी माझंही सांगतेय. माझ्या घरातला घास त्याच वाल्वमधून आलेला होता. मोठमोठे वकील मी रोज बघते, साक्षीला उभे राहणारे लोक बघते, प्रत्येक जण दुसऱ्याचं नाव घेतो. स्वतःचं नाव लिहून घेण्यासाठी अडून बसलेला माणूस मी तो एकच पाहिला. त्यांच्या पाया पडावं असं वाटत होतं, पण मास्तर छत्री उचलून निघालेसुद्धा.

"चाल वं माय. म्हशी तपी ऱ्हायन्यात."

एवढं सगळं होऊन त्या माणसाला घाई होती ती म्हशींची. मी मागोमाग गेले. त्या दुपारी पहिल्यांदा मी बोअरवरून बादल्या भरून दिल्या आणि ते ओतत राहिले. चाळीचा नळ तेव्हाही कोरडाच होता.

पुढचे दिवस वाईट गेले. मास्तरांनी पायाने दाखवलेल्या जागी खणलं आणि पाइप निघाला. मिल काही दिवस बंद ठेवावी लागली. बंद पडलेली मिल, घरी बसलेले कामगार, आणि सगळ्यांचा राग एका म्हाताऱ्यावर. चाळीने त्यांचं दूध बंद केलं. ज्या बायका त्यांना साड्या दाखवायच्या त्या ते दिसले की दार लावून घ्यायला लागल्या. तो कागद टाइप करणारीचा नवरा म्हणून ह्यांना मिलने परत घेतलं नाही. हे महिनाभर घरात बसून होते, माझ्याशी बोलत नव्हते, आणि मास्तरांचं नाव निघालं की उठून बाहेर जायचे. शेवटी ह्यांना सचिन गावच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात काम मिळालं. लांब पडायचं, पण मिळालं. मास्तरांनाही नोटीस आली. तारखेला ते नेमाने जायचे, जाताना मला सांगायचे, आल्यावर म्हशींचे श्वास मोजायचे. आमचं भाडं त्यांनी त्या काळात एकदाही मागितलं नाही. मीच नेऊन दिलं तर घेतलं नाही.

एक मात्र आम्ही केलं. दूध आमच्या घरी येत राहिलं, तासभर उशिरा. हे प्यायचे नाहीत. मी आणि पोरं प्यायचो.

मिलला वाढवायची परवानगी मिळाली, पण तळ्याला हात लावायचा नाही या अटीवर. गाळ मिलनेच काढून नेला, झाकलेल्या गाड्या भरभरून. पुढच्या उन्हाळ्यात पाणी तपासलं. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात परत तपासलं. मग शिक्का मारलेला कागद आला, पाणी जनावरांना चालण्यासारखं आहे. मीच वाचून दाखवला. मास्तरांनी ऐकला, घडी घालून खिशात ठेवला आणि काट्या उपसायला घेतल्या. दुपार होती. ऊन चुन्यासारखं पडलं होतं. बघता बघता अख्खी चाळ काठावर जमली, दारं लावून घेणाऱ्या बायकासुद्धा. हेही आले. रविवार होता, घरीच होते.

म्हशींना वास लागला होता, त्या दावी तोडायला निघाल्या होत्या. मास्तरांना एकट्याने आवरेनात. तेव्हा हे पुढे झाले आणि ह्यांनी पाचही दोर हातात धरले. मास्तरांनी घड्याळ काढून माझ्या हातात दिलं.

"तासभर. मंग सोडा."

आणि स्वतः सदऱ्यासकट तळ्यात उतरले. गळ्यापर्यंत पाण्यात जाऊन उभे राहिले. ओंजळ भरून प्यायले. कोपऱ्यावरचा दुकानदार काठावरच होता. नक्कल त्याला तोंडपाठ होती, पण या वेळी तो हसला नाही. कुणीच हसलं नाही. म्हशी हंबरत होत्या, तोंडाला फेस आला होता, कुशी भात्यासारख्या हलत होत्या. मी एकदा मास्तरांकडे बघत होते, एकदा घड्याळाकडे. पाण्यात तो म्हातारा डोळे मिटून उभा होता आणि त्याचे ओठ हलत होते. तो स्वतःचे श्वास मोजत होता.

पंधरा मिनिटं झाली. तास व्हायला अजून पुष्कळ वेळ होता. मी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांचे डोळे भरून आले होते.

ह्यांनी दोर सोडले.